झील होती, शाहीर नव्हता : 'स्टारलँड व्होकल बँड शो' सहा भागांत का आटोपला

प्रश्न असा आहे : "आमचा पाच जणांचा लोकसंगीताचा ग्रुप आहे. गेल्या वर्षी एक गाणं खूप चाललं. आता एका वाहिनीने 13 भागांच्या कार्यक्रमाबद्दल विचारलंय. गाणी, विनोदी स्किट, पाहुणे असं सगळं असेल आणि सूत्रसंचालनही आम्ही पाचांनीच करायचं. ओळखीच्या एका निर्मात्याने सांगितलं, 'हो म्हणण्याआधी स्टारलँड व्होकल बँडचं काय झालं ते बघा.' काय झालं होतं त्यांचं? आम्ही होकार द्यावा का?"

तुमच्या निर्मात्याने नेमकं उदाहरण दिलं आहे. मी अठ्ठावीस वर्षं टीव्हीच्या स्टुडिओत ऑनलाइन पॅनलवर बसतो. समोर पाच-सहा मॉनिटर असतात आणि कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा घ्यायचा हे मी सांगत असतो. यातलं निम्म्याहून जास्त काम गाण्याच्या कार्यक्रमांचं झालं. त्यामुळे 1977 चा हा अमेरिकन शो मी संगीताचा इतिहास म्हणून कमी आणि आमच्या धंद्यातली एक केस म्हणून जास्त वाचला आहे. उत्तर लांबेल, पण तुमच्या हातात तेरा भागांचा कागद आहे, तेव्हा सविस्तरच सांगतो.

आधी माणसं कोण ते बघू. बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट ही नावं तुम्हाला ठाऊक नसतील, पण त्यांचं एक गाणं नक्की ठाऊक आहे. गिटार वाजवणारा एक जरी मुलगा ट्रेकला आला असेल तर शेकोटीभोवती 'टेक मी होम, कंट्री रोड्स' झाल्याशिवाय राहत नाही. आपण ते जॉन डेन्व्हरचं म्हणून ओळखतो. प्रत्यक्षात ते गाणं सुरू केलं या जोडप्याने, मेरीलँडमधल्या क्लॉपर रोड नावाच्या रस्त्यावरून गाडीने जाताना. वेस्ट व्हर्जिनिया त्यांनी तोवर पाहिलंही नव्हतं. 1970 च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातल्या 'सेलर डोअर' या छोट्या क्लबात डेन्व्हरचे कार्यक्रम होते आणि ही जोडी त्याच्या आधी गायची. एका रात्री गाडीच्या अपघातात डेन्व्हरचा अंगठा दुखावला. तो हाताला बँडेज बांधून यांच्या घरी आला आणि पहाटेपर्यंत बसून तिघांनी ते गाणं पुरं केलं. पुढच्याच कार्यक्रमात ते लोकांसमोर गायलंही. 1971 मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. 2014 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने त्याला राज्यगीतांमध्ये स्थान दिलं.

हे मुद्दाम सांगितलं. 'एका गाण्याचे धनी' म्हणून हा ग्रुप कायम निकालात काढला जातो, आणि ते मला पटत नाही. डॅनॉफ हा पक्का गीतकार. एमिलू हॅरिससोबत 'बोल्डर टू बर्मिंगहॅम' लिहिणारा तोच.

बिल आणि टॅफी सुरुवातीला 'फॅट सिटी' या नावाने गायचे. मग जॉन कॅरोल आणि मार्गो चॅपमन आले आणि चौघांचा स्टारलँड व्होकल बँड झाला. दोन पुरुष, दोन बायका, गिटार, पियानो, आणि चार आवाज एकमेकांत इतके घट्ट विणलेले की कुठला कोणाचा ते चटकन कळू नये. डेन्व्हरच्याच 'विंडसाँग' कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. तिच्यात 'आफ्टरनून डिलाइट' होतं. हे नाव डॅनॉफला जॉर्जटाउनमधल्या 'क्लाइड्स' हॉटेलच्या मेनूकार्डावर सापडलं. दुपारच्या खाण्याच्या पदार्थांचा तो मथळा होता. त्याने त्यावरून दुपारच्या शृंगाराचं गाणं लिहिलं. चाल इतकी सोज्वळ की शब्दांतला चावटपणा कित्येकांच्या लक्षात उशिरा आला. 1976 च्या जुलैत, अमेरिका आपल्या स्वातंत्र्याची 200 वर्षं साजरी करत असताना, ते सलग दोन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. फेब्रुवारी 1977 मध्ये दोन ग्रॅमी मिळाल्या. एक आवाजांच्या मांडणीसाठी आणि दुसरी सर्वोत्कृष्ट नवोदित म्हणून. नवोदितांच्या त्या यादीत 'बॉस्टन' हा रॉक ग्रुपही होता, आणि त्याला मागे टाकून यांना मिळाली.

काटेकोर माणूस म्हणेल की हे पॉप झालं, लोकसंगीत कुठलं? ते मान्य. पण त्यांची घडण कॉफीहाउस आणि छोट्या क्लबातल्या फोक गायकीची आहे. हातात लाकडी गिटार, समोर शंभर-दोनशे माणसं, मधे पडदा नाही. तुमचीही घडण तशीच आहे, गावच्या चावडीवरची किंवा कॉलेजच्या कट्ट्यावरची. म्हणूनच त्यांचं उदाहरण तुम्हाला लागू पडतं.

आता शो. सीबीएस वाहिनीवर 31 जुलै 1977 ला 'द स्टारलँड व्होकल बँड शो' सुरू झाला आणि 2 सप्टेंबरला संपला. अर्ध्या-अर्ध्या तासाचे सहा भाग. दिनदर्शिका काढून बघा, पहिला भाग रविवारी पडतो आणि शेवटचा शुक्रवारी. पाच आठवड्यांच्या आयुष्यात ज्या कार्यक्रमाचा वार बदलतो, त्याला बघण्याची सवय कुणाला लागणार? वाहिनी जेव्हा वार बदलते तेव्हा ती त्या कार्यक्रमाला हळूच कडेला सरकवत असते, हे मी आमच्याकडेही अनेकदा पाहिलंय.

तिथली पद्धत अशी होती. मोठे कार्यक्रम सप्टेंबरात सुरू होऊन वसंतात थांबायचे. उन्हाळ्यात रिकाम्या जागा भरायला स्वस्तातले, थोड्या भागांचे कार्यक्रम लावायचे. त्यातला एखादा उचलला गेला तर त्याला कायमची जागा द्यायची. सनी आणि शेर या जोडीचा कार्यक्रम 1971 च्या ऑगस्टात असाच भरीला आला आणि मोठा झाला. टोनी ऑर्लँडो आणि 'डॉन' यांचा 1974 च्या उन्हाळ्यातला कार्यक्रमही तसाच. मग काय, ज्याचं गाणं वर गेलं त्याला शो द्यायचा, अशी लाटच आली. डॉनी आणि मेरी ऑस्मंड, कॅप्टन अँड टेनिल, जॅक्सन भावंडं. स्टारलँडला बोलावणं आलं ते या लाटेच्या शेपटाशी. तोवर लोकांना गाणं-स्किट-पाहुणा-गाणं या चाकोरीचा कंटाळा यायला लागला होता.

शो पडला तो गुणी माणसांच्या अभावी पडला, असं मात्र कुणी म्हणू नये. लेखनात आणि पडद्यावर डेव्हिड लेटरमन होता. इंडियानापोलिसला टीव्हीवर हवामान सांगणारा हा माणूस दोनच वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला आला होता, वय 30. जेफ ऑल्टमनसारखा नकलाकार होता. पियानोवर बसून राजकारण्यांची टर उडवणारा वॉशिंग्टनचा मार्क रसेल होता. 'फायरसाइन थिएटर' या विनोदी ग्रुपमधले फिल प्रॉक्टर आणि पीटर बर्गमन होते. म्हणजे विनोदाची बाजू भक्कम, गाण्याची बाजू ग्रॅमीची. तरीही मोट बांधली गेली नाही.

माझं म्हणणं असं : त्या मंचावर चार झीलकरी होते आणि शाहीर नव्हता.

शाहिरीची रचना डोळ्यांसमोर आणा. डफावर थाप मारून पुढे येतो तो एकटा शाहीर. तो बोलतो, सवाल टाकतो, लोकांच्या डोळ्यांत बघतो, गोष्ट अर्धी सोडतो. मागे झीलकरी. ते शेवटची ओळ उचलतात, उंच नेतात, सोडतात. झील धरणाऱ्याचं कसब कमी नसतं. कित्येकदा गाण्याचा खरा अंगावर काटा झिलीतच येतो. पण त्याचं सगळं लक्ष शाहिराकडे आणि शेजारच्याकडे असतं. लोकांकडे बघून बोलणं हे त्याचं काम नाही. तमाशातही तेच. गण, गौळण झाली की बतावणीला सोंगाड्या येतो. फडाने बोलायचं काम त्याच्याकडे दिलेलं असतं. आपल्या लोककलांनी ही वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे, आणि ती अनुभवातून केलेली आहे.

स्टारलँडची सगळी कीर्ती त्या चौघांच्या एकजीव आवाजाची. डॅनॉफ गाणी लिहायचा, म्हणजे एका अर्थाने मोरक्या तोच. पण लोकांच्या मनात त्याचा वेगळा चेहरा नव्हता. लोकांनी चौघांना रेडिओवर एक आवाज म्हणून ओळखलं होतं. टीव्हीला मात्र चार माणसं लागतात. हा रागीट, ती हजरजबाबी, तो भोळा, ती सगळ्यांना सांभाळून घेणारी. घरात बसलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात परत यावंसं वाटतं ते त्या स्वभावांसाठी. नुसत्या गाण्यासाठी त्याच्याकडे तबकडी असतेच.

पॅनलवरून हे किती स्पष्ट दिसतं ते सांगतो. एक माणूस गात असेल तर माझा कॅमेरा कुठे असावा याचा प्रश्नच येत नाही. दोघं गात असतील तर टू-शॉट. चौघं एकाच वेळी चार वेगळ्या पट्ट्यांतून एकच ओळ गात असतील तर? क्लोज-अप कोणाचा घेऊ? ज्याचा घेईन त्याचा आवाज बघणाऱ्याच्या कानात मोठा होतो, प्रत्यक्षात तो नसला तरी. म्हणजे मी चित्राने गाण्याचा तोल बिघडवतो. वाइड धरून ठेवला तर चित्र मेलेलं दिसतं आणि टॉकबॅकवर निर्माता ओरडायला लागतो. चांगला मार्ग एकच. दोन-दोन चेहरे एका चौकटीत धरायचे, आणि कोण कोणाकडे बघून सूर लावतोय ते दाखवायचं. पण त्यासाठी गाणाऱ्यांना जवळ उभं करावं लागतं, आणि तिथेच सेटवाल्यांचं आणि आमचं वाजतं.

माझाच एक अनुभव. एका वाहिनीने अशाच एका ग्रुपला घेऊन कार्यक्रम केला होता. दोन सख्खे भाऊ, थोरल्याची बायको, आणि संबळ वाजवत गाणारे त्यांचे मामा. सेट डिझायनरने चौघांसाठी चार गोल चौथरे केले, एकेकात सहा-सहा फूट अंतर, प्रत्येकावर वरून वेगळा प्रकाश. दिसायला झकास. जमिनीवर पांढऱ्या टेपने खुणा मारल्या आणि फ्लोअर मॅनेजरने बजावलं की खुणेवरून हलायचं नाही. साउंड चेक सुरू झाला. मॉनिटर स्पीकर होते, लेव्हल बरोबर होती, तरी झिलीची तिसरी ओळ दर वेळी घसरायची. साउंडवाला वाढव-कमी करून थकला. शेवटी मी खाली फ्लोअरवर गेलो आणि मामांना विचारलं, ऐकू येतंय ना? ते म्हणाले, "आवाज येतोय साहेब. थोरल्याचा श्वास येत नाही."

वर्षानुवर्षं ते त्याच्या खांद्याला खांदा लावून गात आले होते. तो कधी श्वास घेतो, कधी सोडणार, हे त्यांना कानाच्या आधी अंगाला कळायचं. मी चारही चौथरे सरकवून एकाला एक चिकटवले. लाइटवाल्याने चाळीस मिनिटं घेतली पुन्हा प्रकाश बांधायला, आणि वाहिनीच्या बाई घड्याळ बघत उभ्या होत्या. पण गाणं बसलं. पहिल्याच टेकमध्ये.

त्याच दिवशी संध्याकाळी लिंक रेकॉर्ड करायच्या होत्या. थोरल्याने प्रॉम्प्टरवर वाचून म्हणायचं होतं, "मंडळी, जाऊ नका कुठे, छोट्याशा विश्रांतीनंतर येतोय आम्ही एक धमाल प्रवेश घेऊन." अकरा टेक झाले. पाठांतर चुकत नव्हतं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याचे डोळे कॅमेऱ्यावरून सुटून धाकट्याकडे जायचे. गाताना ओळ संपली की त्याच्याकडे बघायचं, ही वीस वर्षांची सवय. फ्लोअर मॅनेजर पुन्हापुन्हा लेन्सकडे बोट दाखवत होता आणि तो बिचारा घामाघूम. शेवटी धाकट्याला कॅमेऱ्याच्या मागे, लेन्सच्या अगदी शेजारी उभं केलं, तेव्हा लिंक झाली. तो कार्यक्रम ठरलेल्या तेरापैकी आठ भाग चालला. त्या माणसांच्या गाण्यात एक तसूभरही उणं नव्हतं, हे मी आजही कुणासमोरही सांगेन.

स्टारलँडचा विचार करताना मला तो माणूस आठवतो. चौघं एकमेकांकडे बघून गाणारी माणसं. टीव्हीने त्यांना लेन्सकडे बघून बोलायला लावलं.

दुसरी गोष्ट मिनिटांची. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात जाहिराती वजा जाता हाती साधारण 25 मिनिटं येत. त्यात शीर्षक आणि निरोप दोन मिनिटं. दोन-तीन स्किट, रसेलचा राजकीय तुकडा, पाहुणा असला तर तो, आणि या सगळ्यांना जोडणारं बोलणं. मग गाण्याला उरतं काय? तीन गाणी, तीन-तीन मिनिटांची. लोकसंगीताच्या घराण्यातलं गाणं मुळात गोष्ट सांगतं, आणि गोष्टीला आधी चार वाक्यं लागतात. हे गाणं कुठे ऐकलं, कुणी शिकवलं, यातल्या या शब्दाचा अर्थ काय. क्लबात ती चार वाक्यं हाच अर्धा कार्यक्रम असतो. टीव्हीच्या हिशोबात ती पहिली कापली जातात, आणि त्यांच्या जागी लेखकाने लिहून दिलेली चुरचुरीत वाक्यं येतात, जी गाणाऱ्याच्या तोंडी बसत नाहीत.

आता उलट उदाहरणं बघा, कारण फोकवाल्यांचे सगळेच शो पडले असं नाही. टॉम आणि डिक स्मदर्स या भावांचा 'स्मदर्स ब्रदर्स कॉमेडी अवर' सीबीएसवरच 1967 च्या फेब्रुवारीत सुरू झाला. समोर 'बोनान्झा'सारखी जबरदस्त लोकप्रिय मालिका असताना तो तगला. टॉमच्या हातात गिटार, डिकच्या हातात डबल बास, आणि गाणी फोकचीच. पण त्यांचं गाणं दोन ओळींच्या पुढे सरकायचंच नाही. टॉम मधेच थांबून काहीतरी येडबंबू बोलायचा, डिक वैतागायचा, भांडण जुंपायचं. म्हणजे बतावणी त्यांच्या अंगातच होती. वर्षानुवर्षं क्लबात घोटलेली. टीव्हीने त्यांना नवीन काही करायला सांगितलं नाही, जे करत होते तेच कॅमेऱ्यासमोर आणलं. तो शो 1969 मध्ये बंद झाला तो प्रेक्षक नव्हते म्हणून नाही, वाहिनीशी मजकुराच्या कापाकापीवरून झालेल्या भांडणांमुळे. फोक गायक पीट सीगरने त्यांच्या कार्यक्रमात गायलेलं व्हिएतनाम युद्धाच्या रोखाचं एक गाणं 1967 मध्ये वाहिनीने कापलं. भावांनी हट्ट धरला आणि 1968 च्या फेब्रुवारीत सीगरला परत बोलावून ते गाणं दाखवायला लावलं. हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

कॅनडात 'द आयरिश रोव्हर्स' या ग्रुपने 1971 पासून सीबीसीवर कितीतरी वर्षं आपला कार्यक्रम चालवला. तिथे विल मिलर हा बोलका, गोष्टीवेल्हाळ पुढारी होता. बाकीचे त्याच्या मागे. शाहीर आणि झीलकरी, अगदी आपल्यासारखी वाटणी.

आणि पीट सीगरचा 'रेनबो क्वेस्ट'. मी दर वर्षी नवीन येणाऱ्या मुलांना त्याचे भाग बघायला लावतो. 1965-66 मधले 39 भाग, काळे-पांढरे, न्यूजर्सीतल्या नेवार्कच्या एका छोट्या वाहिनीवर. सीगरला डाव्या विचारांच्या संशयावरून मोठ्या वाहिन्यांनी दारं लावली होती. 1963 ला एबीसीवर आलेल्या 'हूटनॅनी' या फोकच्या कार्यक्रमानेही त्याला बोलावलं नाही, आणि त्याच कारणाने जोन बाएझ आणि बॉब डिलन यांनी त्या कार्यक्रमाकडे पाठ फिरवली. म्हणून सीगरने घरच्या पैशांची भर घालून हा स्वतंत्र कार्यक्रम केला. पैसा नाही, प्रेक्षक नाहीत, सेट म्हणजे एक टेबल आणि खुर्च्या. मिसिसिपी जॉन हर्ट येऊन बसतो, एलिझाबेथ कॉटन येते, जॉनी कॅश आणि जून कार्टर येतात. सीगर विचारतो, हे बोटांनी कसं करता? ते करून दाखवतात. कॅमेरा बोटांवर जातो आणि तिथेच थांबतो. तासभर. तांत्रिक बाजूने अगदी गरीब काम, पण लोकसंगीताला टीव्हीवर काय लागतं ते सगळं त्यात आहे. एक विचारणारा माणूस, जवळ बसलेले गाणारे, आणि घाई नाही.

स्टारलँडच्या बाबतीत आणखी एक नुकसान झालं, आणि तुमच्या दृष्टीने मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. 1977 हे वर्ष त्यांच्यासाठी दुसऱ्या तबकडीचं वर्ष होतं. पहिलं गाणं डोक्यावर घेतलेले लोक दुसऱ्याची वाट बघत असतात, आणि ती वाट फार दिवस बघत नाहीत. त्याच वर्षी 'रिअर व्ह्यू मिरर' आली खरी, पण चालली नाही. टीव्हीचा अर्धा तास बाहेरून अर्धा तास दिसतो. आत तो आठवडा खातो. वाचन, तालीम, कपडे, स्किटची उभारणी, गाण्यांचे ट्रॅक, मग शूटिंग. गाणं लिहायला लागतो तो मोकळा, कंटाळवाणा, कुणी न मागितलेला वेळ. तो आधी जातो. मायकेल जॅक्सननेही पुढे लिहिलं की भावंडांनी टीव्ही मालिका करायला नको होती, त्याने तबकड्या विकणाऱ्या कलाकाराचं नुकसान होतं. नवोदितांच्या ग्रॅमीबद्दल तर टॅफी निव्हर्टने नंतर अगदी कडवटपणे सांगितलं आहे की तो पुरस्कार त्यांच्या मुळावरच आला.

पुढे 1978 आणि 1980 मध्ये आणखी दोन तबकड्या आल्या. 1981 मध्ये ग्रुप विसर्जित झाला. बिल आणि टॅफी हे लग्नाचे जोडीदार होते, ते वेगळे झाले. जॉन आणि मार्गो यांनीही लग्न केलं होतं, तेही टिकलं नाही. गुण कुठे गेले नाहीत. जॉन कॅरोलचं 'गेट क्लोजर' 1982 मध्ये लिंडा रॉनस्टॅटने गायलं. लेटरमनची तर वेगळीच वाट निघाली. 1978 मध्ये मेरी टायलर मूरच्या 'मेरी' या विविधरंगी कार्यक्रमात तो होता, तोही तीन भागांत बंद पडला. 1982 च्या फेब्रुवारीत त्याचा रात्री उशिराचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे अमेरिकेत त्या प्रकारचं बोलणंच त्याने बदलून टाकलं. म्हणजे 1977 च्या त्या मंचावर शाहीर होण्याची ताकद असलेला माणूस उभा होता. फक्त त्याच्याकडे डफ दिलेला नव्हता.

जेफ ऑल्टमनचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. 1980 मध्ये एनबीसीने 'पिंक लेडी' या जपानी गायिकांच्या जोडीला त्याच्यासोबत घेऊन शो केला. जपानात त्या दोघी अफाट लोकप्रिय होत्या, पण इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. सूत्रसंचालन मात्र त्यांच्याकडूनच करून घेतलं, वाक्यं घोकून. पाच भाग दाखवून शो उतरवला. गाणाऱ्याला त्याची नसलेली भाषा बोलायला लावली की काय होतं, याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही. तुमची भाषा मराठीच आहे, पण प्रॉम्प्टरवरची मराठी ही तुमच्या ग्रुपची मराठी असेलच असं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

आता तुमचं. सरसकट 'नको' असं मी म्हणणार नाही. तुमच्या गाण्याला टीव्हीवर जागा मिळावी असं मला मनापासून वाटतं, आणि अशी विचारणा रोज येत नाही. पण कागदावर सही करण्याआधी पाच जण एकत्र बसा आणि एक प्रयोग करा. नेहमीच्या कार्यक्रमाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, पण गाण्यांचं नको, दोन गाण्यांच्या मधलं. कोण बोलतं? लोक कोणाच्या बोलण्यावर हसतात? वाद्याची तार तुटली, माइक बंद पडला, तेव्हा वेळ कोण मारून नेतं? तो तुमचा शाहीर. असा कुणी असेल तर सूत्रसंचालन त्या एकाकडे द्या, आणि बाकी चौघांच्या तोंडी लिंक घालू नका असं करारात लिहून घ्या. पाचांनी एकेक वाक्य वाटून म्हणायची पद्धत निर्मात्यांना फार आवडते, कारण कागदावर ती समान दिसते. पडद्यावर ती शाळेच्या स्नेहसंमेलनासारखी दिसते. तसा कुणीच नसेल तर बाहेरचा सूत्रधार मागा. त्यात कमीपणा काहीच नाही. तमाशाचा फड सोंगाड्याला कमीपणा मानत नाही.

स्किट करायला साफ नकार द्या असं माझं मत आहे. ग्रुपमधल्या कुणाला भारूड येत असेल तर गोष्ट वेगळी. भारुडात सोंग आहे, विनोद आहे, गाणं आहे, आणि ते तुमचं स्वतःचं आहे. विनोदाच्या जागी भारूड मागून बघा. वाहिनी आधी नाक मुरडेल. एक पाच मिनिटांचा नमुना करून दाखवा, मग बोला.

तेरा भागांऐवजी सहा मागा. सहा भागांना अठरा-वीस गाणी लागतात, ती तुमच्याकडे असतील. तेरा भागांना चाळीसच्या घरात लागतील, ती नसतील, आणि मग आठव्या भागापासून दुसऱ्यांची सिनेमातली गाणी गायला लावतील. शूटिंग सलग दहा-बारा दिवसांत उरकता येईल का ते विचारा, म्हणजे उरलेले महिने नवीन गाण्याला राहतील. तुमचं दुसरं गाणं तयार नसेल तर आधी ते करा, वाहिनीला चार महिने थांबायला सांगा. थांबली तर तिला तुम्ही हवे आहात. नाही थांबली तर तिला फक्त ते एक गाणं हवं होतं.

गाणी प्रत्यक्ष गायची की आधी रेकॉर्ड करून ओठ हलवायचे, हेही आत्ताच ठरवा. लिप-सिंकला खर्च कमी, म्हणून ते तिकडेच ओढतील. झीलवाल्या गाण्यात ओठ हलवणारे पाच जण लगेच पकडले जातात, कारण श्वास खोटा असतो. प्रत्यक्ष गायचंच असा हट्ट धरा, आणि साउंड चेकला वेगळा अर्धा दिवस मागून घ्या.

आणि सेटचा नकाशा सहीआधी बघायला मागा. पाच वेगळे चौथरे काढलेले असतील तर तिथल्या तिथे पेन्सिलीने खोडून एकच काढा, पाच माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढा.